वऱ्हाडातून फुटबॉलच्या मॅचला जाताना

चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीडला उठून, घरचे जागे होऊ नयेत म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून बसणारी पोरं अमरावती-अकोल्यात गल्लोगल्ली आहेत. मेस्सीचा टी-शर्ट राजकमल चौकात दिसतो, तसा अकोल्याच्या टिळक रोडवरही दिसतो. पण यांतल्या बहुतेकांनी मोठ्या फुटबॉलचा एकही सामना मैदानावर बसून पाहिलेला नसतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तसा सामना होतच नाही, तर पाहणार कुठून? क्रिकेटवाल्यांचं बरं आहे. अमरावतीचा जितेश शर्मा किंवा अकोल्याचा अथर्व तायडे खेळताना पाहायचा असेल, तर नागपूरचं जामठा आहे. सकाळी गाडी काढली की रात्री उशिरा का होईना, माणूस घरी. फुटबॉलवाल्याला मुक्कामाची पिशवी भरावी लागते.

मात्र एका बाबतीत आपलं नशीब जोरावर आहे. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग बडनेरा आणि अकोल्यावरून जातो. या रुळांच्या एका टोकाला कोलकाता, दुसऱ्या टोकाला मुंबई. गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मनमाडला वळून पुण्यावरून थेट कोल्हापूर गाठते. म्हणजे फुटबॉलवर जीव टाकणारी दोन गावं आणि देशातल्या वरच्या लीगमधल्या संघाचं एक शहर, तिन्हीकडे आपल्याला गाडी न बदलता जाता येतं. गोव्यासाठीही नागपूर-मडगाव अशी आठवड्यातून दोनदा धावणारी विशेष गाडी बडनेरा-अकोल्यावरून जाते. विशेष गाडीच ती, चालू आहे की नाही हे पाहूनच बेत करावा.

आता मुद्द्याचं. सामना ९० मिनिटांचा असतो आणि आपला प्रवास दोन-तीन दिवसांचा. त्यामुळे सगळा बेत उलटा, म्हणजे परतीपासून आखायचा. आधी परतीची गाडी, मग मुक्काम, मग जायची गाडी आणि शेवटी सामन्याचं तिकीट. उत्साहात सगळे नेमकं याच्या विरुद्ध करतात, आणि मग रात्री साडेदहाला अनोळखी शहरात फोनवर तत्काळ शोधत बसतात.

कोणता सामना निवडावा

एखाद्या खेळाडूचं नाव पाहून तिकीट काढू नका. संघ पाहून काढा. २२ ऑक्टोबर २०२५ ला सौदी अरेबियाचा अल नस्र हा संघ एफसी गोवाविरुद्ध खेळायला फातोर्ड्याला आला. रोनाल्डो येणार म्हणून देशभरातून लोकांनी बेत केले होते. संघ आला, रोनाल्डो आलाच नाही. अल नस्रने सामना २-१ ने जिंकला, पण गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा स्टेडियम काय उसळलं असेल! जे गोव्यासाठी गेले त्यांचे पैसे वसूल झाले. जे रोनाल्डोसाठी गेले ते चेहरा पाडून परतले.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मेस्सीचा कार्यक्रम होता. सामना नव्हे, नुसतं दर्शन. हजारो रुपये मोजून लोक गॅलरीत बसले, मेस्सीभोवती मान्यवरांचं कडं पडलं, आणि वीसेक मिनिटांत तो निघूनही गेला. पुढे बाटल्या आणि खुर्च्या मैदानात आल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवर तसलाच कार्यक्रम सुरळीत पार पडला, ही गोष्ट वेगळी. माझं मत स्पष्ट आहे: जिथे शिट्टी वाजून खेळ सुरू होत नाही, त्या कार्यक्रमासाठी वऱ्हाडातून एक रात्र गाडीत काढू नये.

तारखांचंही भरवशाचं काम नाही. इंडियन सुपर लीगचा २०२५ च्या सप्टेंबरात अपेक्षित असलेला हंगाम महासंघ आणि आयोजक यांच्या कराराच्या घोळात महिनोन्‌महिने रखडला. १८ ऑगस्ट २०२४ ला ठरलेली ड्युरंड कपमधली मोहन बागान-ईस्ट बंगाल लढत कोलकात्यातल्या आंदोलनांमुळे आदल्या दिवशी रद्द झाली. अशा वेळी सामन्याच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, रेल्वे आणि हॉटेलचे पूर्ण मिळतीलच असं नाही. म्हणून मुक्काम असा घ्यावा की आयत्या वेळी रद्द करता येईल. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी पडू द्यावेत.

गाडीचं गणित

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, पूर्वीचे १२० दिवस विसरा. फुटबॉलचं वेळापत्रक पुष्कळदा त्याहून कमी मुदतीत जाहीर होतं. त्यामुळे सामना जाहीर झाला त्याच दिवशी दोन्ही बाजूंची तिकिटं पाहावीत. वेटिंग लागलं तर घाबरू नका, पण 'होईल कन्फर्म' म्हणून गप्पही बसू नका. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला, आणि कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं. हे काम घरी निवांत असताना उरकून ठेवा. सकाळी ९ वाजून ५८ मिनिटांनी ते आठवून उपयोग नाही.

अमरावतीकरांना आणखी एक कसरत असते. लांबच्या बहुतेक गाड्या अमरावती स्टेशनाला येत नाहीत, बडनेऱ्यालाच थांबतात. गाडी मध्यरात्री बडनेऱ्याला उतरवणार असेल तर घरच्या कोणाला किंवा ओळखीच्या ऑटोवाल्याला आधीच सांगून ठेवा. अकोलेकरांना हा ताप नाही, स्टेशन गावातच. बेलोऱ्याचा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला आणि तिथून मुंबईला विमान जातं, पण ते रोज नाही आणि सामन्याच्या वेळा पाहून तर मुळीच नाही. सामना आणि विमान जुळले तर योग समजावा.

मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण परतीत माणूस इथेच फसतो. अमरावती एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेसने रात्री झोपलं की सकाळी मुंबई, सामना संध्याकाळी साडेसातला. सगळं छान वाटतं. पण सामना सुटतो साडेनऊला, आणि या दोन्ही गाड्या मुंबईहून त्याआधीच निघून गेलेल्या असतात. शेवटची वीस मिनिटं सोडूनही भागत नाही, सामनाच सोडावा लागेल. त्यामुळे मुंबईचा सामना म्हणजे एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमाराची गीतांजली एक्सप्रेस, असं गृहीत धरूनच निघावं. पहाटे सीएसएमटी गाठायचं म्हणून मुक्काम अंधेरीत न घेता दादरच्या आसपास घेतलेला बरा.

इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी संघाचं मैदान म्हणजे अंधेरी पश्चिमेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातलं मुंबई फुटबॉल अरिना. मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेवर आझाद नगर स्थानकाला उतरलं की चालत जाता येतं. मध्य रेल्वेवरून येणाऱ्याने दादर-अंधेरी लोकलच्या गर्दीत सामानासकट शिरण्याऐवजी घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी. मैदान छोटं आहे आणि त्यातच त्याची मजा आहे: बाजूच्या गॅलरीत बसलात तर बचावपटू एकमेकांना काय ओरडून सांगतात तेही ऐकू येतं. मुंबई सिटी २०२०-२१ आणि २०२३-२४ अशी दोनदा विजेती ठरली. दुसऱ्या वेळी तर अंतिम सामन्यात मोहन बागानला सॉल्ट लेकवर, त्यांच्याच गर्दीपुढे ३-१ ने हरवून. जाण्याआधी सामना अंधेरीलाच आहे ना, हे मात्र पाहावं.

कोलकाता: आधी बाजू ठरवा

मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. एकाचा रंग हिरवा-मरून, दुसऱ्याचा लाल-सोनेरी. एकाच्या विजयाला कोळंबी, दुसऱ्याच्या विजयाला हिलसा मासा. या दोघांच्या लढतीला डर्बी म्हणतात. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर १,३१,७८१ प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाच्या हॅट्‌ट्रिकने ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला. आता बाकांऐवजी खुर्च्या आहेत आणि क्षमता बरीच कमी झाली आहे, तरीही जामठ्याचं भरलेलं स्टेडियम त्यापुढे लहान वाटेल.

गीतांजली दुपारनंतर अकोला-बडनेरा सोडते आणि वेळेवर असली तर दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. 'वेळेवर असली तर' हे शब्द हलक्यात घेऊ नका. छत्तीसगड-झारखंडच्या पट्ट्यात मालगाड्यांची रांग लागते आणि आपली गाडी कुठल्याशा सिग्नलला तास-दोन तास उभी राहते. दुपारी पोचून संध्याकाळचा सामना गाठायचा हा जुगार झाला. एक दिवस आधी पोचा. त्या दिवशी मैदान भागातले क्लबांचे जुने तंबू पाहून घ्या, तिथलं वातावरण स्टेडियमपेक्षा कमी नसतं. ऑनलाइन काढलेलं तिकीट कधीकधी ठरलेल्या खिडकीवर छापील तिकिटात बदलून घ्यावं लागतं, तेही काम या मोकळ्या दिवसात उरकतं.

हावड्याहून स्टेडियमला जाणं आता अगदी सोपं झालं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका सलग सुरू झाली. हावडा स्टेशनच्या पोटातून गाडी धरायची, हुगळीच्या खालून जायचं, एस्प्लनेड, सियालदह आणि फूलबागान मागे टाकून 'सॉल्ट लेक स्टेडियम' स्थानकावर उतरायचं. टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालण्याचं कारण उरलेलं नाही. परतीची शेवटची मेट्रो किती वाजता, हे मात्र जाताना स्थानकावरच विचारून घ्या.

डर्बीचं तिकीट काढतानाच तुम्ही कोणत्या बाजूचे हे ठरवावं लागतं, कारण दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या आणि फाटकं वेगळी असतात. 'आपल्याला काय, दोन्ही सारखेच' म्हणत स्वस्त मिळेल ते तिकीट घेतलं आणि अंगात मात्र दुसऱ्याच क्लबचा शर्ट, असं करू नका. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मेले. बंगालात तो दिवस आजही पाळला जातो. तेव्हापासून व्यवस्था पुष्कळ बदलली आहे, पण गर्दीचा स्वभाव बदलत नसतो. साधा पांढरा किंवा राखाडी शर्ट घालून गेलं तर कोणाचंच काही म्हणणं नसतं.

कोल्हापूर: घरचंच, पण वेगळं

खरं सांगू का राजेहो, मराठी माणसाने फुटबॉल पाहायला सगळ्यात आधी कोल्हापूरला जावं. टीव्हीवर न दिसणारं, पैशाने न फुगवलेलं, पेठेपेठेच्या इरेवर चालणारं फुटबॉल तिथे आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही संघांची नावंच पाहा. लाल मातीत मल्ल घडवणाऱ्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि छत्रपती घराणं आजही या खेळाच्या पाठीशी आहे. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे गावाच्या तोंडी केएसए, दरवर्षी लीग भरवते. त्यानंतर वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा लागतात. हंगाम साधारण थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर, दुपारी. महाराष्ट्र एक्सप्रेस दुपारी वऱ्हाड सोडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला कोल्हापुरात उतरवते. परतीची गाडीही दुपारीच निघते, त्यामुळे सामना पाहून त्याच दिवशी ती मिळत नाही. दोन रात्री ठेवा, म्हणजे दोन दिवसांचे सामने पाहून होतात आणि अंबाबाईचं दर्शनही. लांबलचक गाडी नको असेल तर अकोला-अमरावतीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने किंवा रेल्वेने पुणे, आणि तिथून एसटी. बसने परतताना पुण्यात स्वारगेटला उतरून आपल्या गाडीच्या ठिकाणापर्यंत जायला दीड तास हाताशी ठेवावा. पुण्याची वाहतूक कोणाची वाट पाहत नाही.

तिकीट स्टेडियमच्या खिडकीवर, मुंबई-गोव्याच्या मानाने किरकोळ पैशांत. आत गेल्यावर घाईने जागा धरू नका. दोन मिनिटं कठड्याजवळ उभं राहून कोणत्या तालमीची पोरं कुठे बसली आहेत ते पाहून घ्या. ढोल-ताशा कुठे आहे, कोणत्या रंगाचे झेंडे कुठे आहेत, पोलिस कोणत्या जिन्याला जास्त उभे आहेत. हे जिन्याचं निरीक्षण महत्त्वाचं, कारण दोन तालमींच्या समर्थकांत हाणामाऱ्या झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि बंदोबस्ताच्या अडचणीने सामने पुढे ढकलले गेल्याचंही घडतं. दोन गटांच्या मधली रिकामी जागा मोहात पाडणारी असते. ती रिकामी का आहे याचा विचार करा, आणि एका बाजूच्या वरच्या पायऱ्यांवर, म्हाताऱ्या मंडळींच्या जवळ बसा.

ही म्हातारी मंडळी म्हणजे चालतीबोलती कॉमेंटरी. कोणाचा आजा कोणत्या तालमीतून खेळला इथपासून सुरुवात होते. 'कुठलं गाव?' असा प्रश्न येणारच. 'अमरावती' म्हटलं की 'एवढ्या लांबनं? नुसतं मॅचसाठी?' असं म्हणून माणूस सरकून जागा देतो. मग दोन गोष्टी पाळा. कोणती तालीम भारी, यावर मत देऊ नका. पाहुण्याने भाऊबंदकीत बोलू नये, तसंच आहे ते. आणि शेजारच्याच्या संघावर गोल झाला तर टाळी वाजवू नका, गोल कितीही देखणा असला तरी. मध्यंतरात चहा तुम्ही सांगा. पैसे बहुधा तेच देतील.

फाटकावर

मोठ्या स्टेडियमच्या फाटकावर आपल्याकडची काय काय संपत्ती जप्त होते, ते पाहण्यासारखं असतं. पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, परफ्यूम, छत्री, झेंड्याची काठी, डबा आणि चिल्लरसुद्धा. पाच-दहाची नाणी फेकून मारता येतात म्हणून काढून घेतात. निघतानाच नोटा ठेवा. आपल्याकडच्यांसाठी खास सूचना: खिशातली खर्र्याची पन्नी पोलिसदादा पहिल्याच चाचपणीत काढतो आणि बाजूच्या डब्यात टाकतो, तिथे 'एकच आहे साहेब' चालत नाही. ती तलफ तेवढे दोन-तीन तास घरी ठेवावी.

पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत आणि बाहेर ठेवायची सोय असेलच असं नाही. सामान हॉटेलवर किंवा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवूनच स्टेडियमला निघा. क्लोक रूमवाला पिशवीला कुलूप मागतो, छोटं कुलूप सोबत असू द्या. स्टेडियमबाहेरच्या पानठेल्यावर 'दादा, बॅग ठेवता का' असं म्हणून ठेवलेली सॅक परत मिळते बहुतेक वेळा. त्या 'बहुतेक'वर परतीचं तिकीट आणि आधार कार्ड सोडू नये.

तिकीट फोनवर असेल तर घरूनच ते उघडून, जपून ठेवून निघा. वीस-तीस हजार माणसं एका जागी जमली की मोबाइलचं नेटवर्क गळा काढतं आणि फाटकावर ते गोल गोल फिरणारं चक्र पाहत उभं राहावं लागतं. चौघांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर तो फोन भरलेला ठेवा, किंवा आधीच एकेकाच्या फोनवर पाठवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवून ठेवा, आणि ती 'मेन गेट' नको. अमुक क्रमांकाच्या फाटकासमोरचा विजेचा खांब, असं नेमकं सांगा.

सामन्याच्या तासभर आधी आत असावं. सराव पाहायला मिळतो, स्वच्छतागृह कुठे आहे ते कळतं, आणि मुख्य म्हणजे बाहेर जायचा जिना ओळखीचा होतो. लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. बायका-मुलींसह जाणार असाल तर डर्बीपेक्षा साधा लीग सामना निवडा आणि बाजूच्या गॅलरीचं, थोडं महाग तिकीट घ्या. गोलच्या मागची गॅलरी पोरांच्या धुडगुसासाठी असते.

आत बसल्यावर

टीव्हीवर फुटबॉल पाहणाऱ्याला पहिली दहा मिनिटं मैदानावर काही कळत नाही. रिप्ले नाही, समालोचन नाही, आणि चेंडू वाटतो त्यापेक्षा फार वेगाने जातो. तेव्हा चेंडूचा नाद सोडा. एखादा बचावपटू निवडा आणि पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना तो कसा पुढे सरकतो, हाताने सोबत्याला कसा बोलावतो, पाठीमागच्याला मान वळवून कसा पाहतो. टीव्हीचा कॅमेरा हे कधीच दाखवत नाही. मग रेषेवरच्या सहायक पंचाचा झेंडा पाहायची सवय लावा. गोल झाल्यावर नाचायच्या आधी एक नजर तिकडे टाकली की फजिती टळते. जागा निवडायची मुभा असेल तर बाजूच्या गॅलरीत, थोडी उंचावर घ्यावी. पुढच्या रांगेतून खेळाडू जवळ दिसतात, खेळ दिसत नाही.

युरोपात बाहेरगावहून येणाऱ्या समर्थकांना स्टेडियमचा वेगळा कोपरा असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये त्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादाही आहे. आपल्याकडे डर्बीसारखे सामने सोडले तर असा कोपरा असेलच असं नाही, त्यामुळे आपण यजमानांच्यात बसलो आहोत हे डोक्यात ठेवावं. घोषणा द्या, गाणी शिका, पण आई-बहिणीवरून नाही. आणि आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंना रंगावरून चिडवणं हा प्रकार आपल्या गॅलऱ्यांतून ऐकू येतो, तो शुद्ध नीचपणा आहे. तसं करणारा सोबतचा असेल तर त्याला तिथेच गप्प करा.

खाण्याचं सांगायची गरज नाही, वऱ्हाडी माणूस उपाशी प्रवास करत नाही. एवढंच सांगतो: मुंबई-कोल्हापूरच्या वाटेवर अकोल्यानंतर शेगावला गाडी थांबत असेल तर कचोरी घ्या, पण ती गाडीतच संपवा. मार्च ते जूनमध्ये जाणार असाल तर दुपारच्या सामन्याला टोपी आणि उपरणं हवंच. 'आम्ही अकोल्याचं ४५ डिग्री सोसतो' ही फुशारकी उघड्या काँक्रीटच्या पायरीवर उपयोगाची नाही.

ज्यांना एवढा लांबचा पल्ला झेपणार नाही, त्यांनी नागपूरपासून सुरुवात करावी. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग आहे, कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव विदर्भात जुनं आहे, आणि विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेला 'स्लम सॉकर'चा उद्योग इथलाच, ज्यावर पुढे नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. नागपूरचा स्थानिक सामना पोरांना घेऊन एका दिवसात पाहून येता येतो.

जामठ्याला क्रिकेटसाठी जाण्यानेही मोठ्या गर्दीची सवय होते. सामना सुटल्यावर वर्धा रोडवर होणारी कोंडी एकदा पाहिली की 'आधी परतीचं ठरवा' असं का म्हणतो ते पटतं. २३ सप्टेंबर २०२२ चा भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना ओल्या मैदानामुळे रात्री साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. अकोल्याहून गेलेला माणूस त्या रात्री घरी कधी पोचला असेल त्याचा हिशेब तुम्हीच करा. खापरीपर्यंतची मेट्रो त्या दिवशी किती वाजेपर्यंत आहे, हे निघण्याआधी पाहून ठेवलं की निदान शहर तरी गाठता येतं.

पहिल्यांदाच जाणार असाल तर कोल्हापूर. दोन दिवस, दोन रात्री, भाषा आपली, खर्च आटोक्यात, आणि चूक झाली तरी सांभाळून घेणारी माणसं. मुंबई त्यानंतर. डर्बी एखाद-दोन सामन्यांची सवय झाल्यावर, आणि तीही अनुभवी सोबती असेल तरच. चौघांच्या वर गट नेऊ नका. पाचवा माणूस हमखास फाटकावर उशिरा येतो. लीगचं वेळापत्रक लागलं की सगळ्यात आधी महाराष्ट्र एक्सप्रेसचं कोल्हापूर ते अकोला किंवा बडनेरा हे परतीचं तिकीट पाहा. ते कन्फर्म मिळालं, तरच मित्रांना फोन लावा.